अडलेल्या मुलासोबत एक वर्ष : इंदूरमधील मराठी कुटुंबांसाठी आणि मंडळांसाठी मार्गदर्शक

बारावीचा निकाल लागतो, दोन-तीन दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नाही आणि मग एखादे नातेवाईक फोनवर सांगतात की सरकारच्या कितीतरी योजना आहेत, एखादा फॉर्म भरून टाका. फॉर्म भरला जातो. चार महिन्यांनी चौकशी केली तर मुलगा घरीच असतो, आणि कोणता फॉर्म भरला होता हे कुणालाच नीट आठवत नाही. इंदूरच्या पश्चिम भागातील एका मराठी वस्तीत गेली काही वर्षे मी अशा मुलामुलींसोबत काम करते. योजनेच्या दारापर्यंत आणि पुढे दारातून आत मुलाच्या सोबत जाणारे कुणी नसले, तर चांगली योजनाही वाया जाते, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. हा लेख त्या सोबत जाणाऱ्या माणसासाठी लिहिला आहे. ते माणूस म्हणजे काका, मावशी, शिक्षिका, शेजारी, मंडळाचा कार्यकर्ता यांपैकी कुणीही असू शकते. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९ हा युवकांचा वयोगट मानला आहे आणि पुढील पद्धत साधारण त्याच वयासाठी आहे.

आधी अडचण कोणती ते नीट कळू द्या

‘नापास झाला’, ‘नोकरी टिकत नाही’, ‘घराबाहेरच पडत नाही’ एवढ्याने अडचण कळत नाही. पहिल्या दोन-तीन भेटींत कोणताही सल्ला देऊ नये, योजनेचे नावही काढू नये. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी प्रश्न एकच आहे: काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस कसा गेला, ते सांग. मुलगा सांगत असताना मध्ये बोलू नये आणि घरी परतल्यावर वहीत तासागणिक लिहून ठेवावे.

सुदामा नगरातील एक मुलगा भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन विषयांत नापास झाला होता आणि घरच्यांनी सगळा दोष मोबाइलवर ठेवला होता. तिसऱ्या भेटीत, पोह्यांच्या ठेल्यापाशी उभे असताना, त्याने कालच्या दिवसाचा हिशेब दिला. पहाटे पाचला उठून तो वडिलांच्या दुधाच्या दुकानावर जात होता, तिथून थेट शिकवणीला आणि तिथून शाळेला; संध्याकाळी पुन्हा दुकान. “काकू, पेपरात प्रश्न कळत होते, पण तासाभरानंतर डोळेच उघडे राहत नव्हते,” असे तो म्हणाला. या मुलाला आणखी एक शिकवणी लावून काहीच साधले नसते. वडिलांशी बोलून सकाळची पाळी त्याच्या चुलतभावाकडे दिली गेली, आणि अभ्यासाचा विचार त्यानंतर सुरू झाला.

अडचणी बहुधा जोडीने येतात: शिकण्याची आणि पैशाची, किंवा घरातली आणि मनाची. आपल्या मराठी घरांत आणखी एक ओझे असते, ते म्हणजे पुण्यातल्या आते-मामे भावंडांशी होणारी तुलना. इंदुरात राहून वेल्डिंग किंवा रेफ्रिजरेशन शिकणारा मुलगा म्हणजे मागे पडलेला मुलगा, अशी समजूत असलेल्या घरात आधी आईवडिलांशी बोलावे लागते. ते बोलणे मुलासमोर करू नये.

मनाची अडचण गंभीर दिसली तर पुढचे सर्व टप्पे थांबवावेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि जेवण बिघडलेले असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशी भाषा येत असेल, तर जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे शांतपणे आणि सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटे सोडू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध असते, आणि बाणगंगा भागात शासकीय मानसिक रुग्णालय आहे. व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे. डॉक्टरांकडे सोबत जावे. नुसता पत्ता देऊन पाठवू नये.

माणूस ठरवा, वार ठरवा

हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी काही दशके केला. गरिबी, घरातील कलह, आईवडिलांचे आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे सक्षम आणि प्रेमळ माणसे झाली. या मुलांच्या आयुष्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे लहानपणापासून भक्कम आधार देणारे किमान एक मोठे माणूस. ते आईवडीलच असावे लागत नव्हते. आजी, शिक्षिका, शेजारीणही पुरत होती.

दुसरा निष्कर्ष कार्यकर्त्यांनी मनावर कोरून ठेवावा असा आहे. अमेरिकेत मुलांना मोठ्या माणसाची सोबत जोडून देणाऱ्या एका जुन्या कार्यक्रमाचा अभ्यास जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. एक वर्ष किंवा अधिक टिकलेल्या सोबतीचा मुलांना सर्वाधिक लाभ झाला होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या सोबतीनंतर मात्र मुलांना स्वतःबद्दल वाटणारी किंमत आधीपेक्षाही घसरली होती. अर्धवट सोडलेली मदत इजा करते. म्हणून मंडळात उत्साहाने हात वर करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: पुढच्या वर्षी याच महिन्यात तुम्ही इंदुरात असणार आहात का? बदलीची नोकरी असेल, मुलीकडे परदेशी जायचे ठरत असेल, तर त्यांनी कागदपत्रांचे काम घ्यावे, सोबतीचे घेऊ नये.

सोबतीची रीत साधी ठेवावी. आठवड्यातून एक ठरलेला वार, एक ठरलेली वेळ, एक तास. जागा अशी असावी की दोघांना ताण येणार नाही. घराची गच्ची, मंदिराचा ओटा किंवा बाग चालेल, पण दार बंद असलेली खोली नको. अठरा वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी असेल तर पालकांना वेळ आणि जागा माहीत असावी, आणि मंडळातील दुसऱ्या एका जबाबदार व्यक्तीलाही. मुलीसाठी शक्यतो स्त्री कार्यकर्ती असावी. भेट चुकणार असेल तर आदल्या दिवशी स्वतः फोन करावा. मुले आपल्या उपदेशापेक्षा आपण वेळेवर येतो की नाही हे अधिक बारकाईने पाहतात.

कागदपत्रे: नावापासून सुरुवात

या टप्प्यावर मध्य प्रदेशातील मराठी कुटुंबांना एक खास अडचण येते, आणि ती वेळीच सोडवली नाही तर सहा-सहा महिने जातात. आपल्या रीतीप्रमाणे नाव तीन पदांचे असते: स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. इथल्या शाळांत मात्र अनेकदा दोनच पदे लिहिली जातात. समजा, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘अथर्व कुलकर्णी’ आहे, आधारवर ‘अथर्व संजय कुलकर्णी’, बँकेत ‘अथर्व एस. कुलकर्णी’ आणि समग्रमध्ये, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीत, कुणीतरी ‘अथर्व कुलकरणी’ असे टंकले आहे. माणूस एकच, पण संगणकाच्या दृष्टीने चार. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत हा गुंता दुप्पट होतो.

एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सर्व कागद ओळीने मांडा: दहावीची गुणपत्रिका, आधार, समग्र आयडी, बँकेचे पासबुक, स्थानिक रहिवासी प्रमाणपत्र आणि लागू असेल तर जातीचे प्रमाणपत्र. प्रत्येकावरील नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जशी आहे तशी वहीत एकाखाली एक उतरवा. ‘साधारण सारखे आहे’ असे म्हणून पुढे जाऊ नका.

दहावीची गुणपत्रिका हा पाया मानावा आणि बाकीची कागदपत्रे तिच्याशी जुळवून घ्यावीत, कारण गुणपत्रिकेत दुरुस्ती करणे सर्वांत जिकिरीचे असते. आधारवरील नाव सर्वसाधारणपणे दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा केंद्रावर बसलेल्या माणसाने घाईत टंकलेले तसेच मान्य करू नये. पावतीवरचे स्पेलिंग मुलाने स्वतः मोठ्याने वाचून मगच पुढे जावे. समग्रमध्ये कुटुंबाचा क्रमांक आठ अंकी आणि सदस्याचा नऊ अंकी असतो. फॉर्ममध्ये बहुधा नऊ अंकी लागतो आणि लोक घाईत आठ अंकी भरतात. समग्रची ई-केवायसी आधारशी जुळवून पूर्ण करावी. ऑनलाइन अडली तर महापालिकेच्या झोन कार्यालयात जावे. रहिवासी प्रमाणपत्र लोकसेवा केंद्रातून मिळते.

बँक खात्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. खात्याला आधार जोडलेले असणे वेगळे आणि सरकारी रक्कम थेट जमा होण्यासाठी, म्हणजे डीबीटीसाठी, ते खाते आधारशी ‘सीड’ केलेले असणे वेगळे. दोन-तीन खाती असतील तर जे खाते सर्वांत शेवटी सीड झाले, त्यात रक्कम जाते. विद्यावेतन आले नाही म्हणून हताश झालेल्या एका मुलीचे पैसे शाळेत असताना उघडलेल्या आणि विसरून गेलेल्या खात्यात तीन महिने जमा होत होते. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी माझे कोणते खाते सीड आहे’ असा नेमका प्रश्न विचारावा.

ही कामे मुलाच्या वतीने आपण उरकून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. रांगेत मुलाने उभे राहावे, खिडकीवर त्याने बोलावे, आपण दोन पावले मागे थांबावे. सरकारी खिडकीवर स्वतःचे म्हणणे मांडता येणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

कार्यक्रम निवडताना

वहीतली अडचण आणि पुढील वाटा समोरासमोर ठेवून पाहाव्यात.

शाळा अर्धवट राहिली असेल तर शिक्षण मंडळाची दुसरी परीक्षा आधी पाहावी. मध्य प्रदेश मंडळाने २०२५ पासून पुरवणी परीक्षेच्या जागी ती आणली. ती हुकली किंवा नियमित शाळेत परतणे शक्य नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा भक्कम पर्याय आहे. तिथे आधी उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण पुढे नेता येतात, नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्या काळात नऊ संधी मिळतात. काम करत शिकणाऱ्या मुलाला ही सवलत फार मोलाची असते. एक-एक, दोन-दोन विषय देत पुढे जाता येते.

हाताला काम हवे असेल तर नंदानगर येथील शासकीय आयटीआय आणि पोलोग्राउंडचे जिल्हा रोजगार कार्यालय या दोन ठिकाणी प्रत्यक्ष जावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. पीथमपूर आणि सांवेर रोडवरच्या कारखान्यांत ‘जागा आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘तुमच्याकडे ॲप्रेंटिसची भरती कधी होते’ असे विचारावे. मध्य प्रदेश सरकारने २०२३ साली ‘मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना’ सुरू केली. राज्यातील १८ ते २९ वयाच्या रहिवाशांसाठी असलेल्या या योजनेत कामावर शिकताना दरमहा विद्यावेतन ठरवले गेले: बारावी उत्तीर्णांना ८,००० रुपये, आयटीआयवाल्यांना ८,५००, पदविकाधारकांना ९,००० आणि पदवीधरांना १०,०००. त्यातील ७५ टक्के वाटा सरकारचा आणि उरलेला आस्थापनेचा. अर्ज करण्याआधी त्या वर्षीच्या जागा आणि अटी पोर्टलवर स्वतः वाचाव्यात.

महाविद्यालयात असलेल्या पण स्वतःला गमावून बसलेल्या मुलांसाठी मी राष्ट्रीय सेवा योजनेचा आग्रह धरते. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा तिहेरी भाषेत अवघडलेली मुलगी शिबिरात पन्नास जणांच्या स्वयंपाकाची यादी करू लागते, तेव्हा तिचा आवाज बदललेला आपल्याला ऐकू येतो. एनसीसीची शिस्त सर्वांना मानवत नाही, पण ज्यांना मानवते त्यांच्यासाठी तिची ‘ब’ आणि ‘क’ प्रमाणपत्रे पुढे उपयोगी पडतात. महाविद्यालयात नसलेल्यांसाठी ‘मेरा युवा भारत’ हे ३१ ऑक्टोबर २०२३ पासूनचे व्यासपीठ आहे. नेहरू युवा केंद्रांचे काम आता त्याच्याशी जोडले गेले आहे.

केंद्र पाहिल्याशिवाय नाव घालू नका

उद्घाटनाच्या किंवा मेळाव्याच्या दिवशी जाऊ नये. साध्या मंगळवारी दुपारी जावे. यंत्रांवर हात फिरवावा. धूळ असेल तर यंत्र शिकवण्यासाठी वापरले जात नाही. हजेरीपटावर किती नावे आहेत आणि खोलीत किती मुले बसली आहेत हे मोजावे. मागच्या तुकडीतील दोघांचे फोन मागावेत आणि त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: काय शिकलात, प्रमाणपत्र हातात केव्हा आले, आता काय करता. मुख्य म्हणजे शिकवणारे शिक्षक वर्षभर टिकले का, हे विचारावे.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील प्रशिक्षण विद्यार्थ्यासाठी मोफत असते. त्यासाठी कुणी ‘नोंदणी शुल्क’ मागत असेल तर तिथून निघावे. मूळ गुणपत्रिका कुठेही जमा करू नये. नोकरीच्या आमिषाने ऑनलाइन पैसे गेले असतील तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. उशीर झाला की रक्कम अडवणे कठीण होते.

पहिले सहा आठवडे

मुले सोडून जातात ती बहुतेक याच काळात, आणि कारणे ऐकायला किरकोळ वाटतात: बस चुकली, डबा झाला नाही, सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला. लोकमान्य नगरातून पीथमपूरला सकाळच्या पाळीसाठी जायचे तर घरातून किती वाजता निघावे लागेल, हे प्रशिक्षण सुरू होण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. पहिले विद्यावेतन हाती येईपर्यंत दोन महिने जातील असे धरून भाडे, डबा, बूट यांचा खर्च काढावा. घराला तो झेपत नसेल तर मंडळाने उसना द्यावा. दान देऊ नये. वहीत तारीख घालून, मुलाची सही घेऊन, पहिल्या वेतनापासून हप्त्याने परत घ्यावा. परत केलेल्या पैशाचा मुलांना वाटणारा अभिमान मी पाहिला आहे.

काही घरांत ‘पैसे येतील’ या शब्दांवर विश्वासच बसत नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. इंदूरची हुकुमचंद मिल ही कापड गिरणी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची थकबाकी वाटपासाठी निघाली ती डिसेंबर २०२३ मध्ये, ३२ वर्षांनी. ज्यांच्या आजोबांनी ती वाट पाहिली त्या घरातील आई मुलाला म्हणणारच की सरळ दुकानावर बस. तिला योजनेची पत्रके दाखवून उपयोग नाही. आधीच्या तुकडीतील एखाद्या मुलाला पासबुकासह तिच्या घरी चहाला घेऊन जावे.

या सहा आठवड्यांत भेट आठवड्यातून दोनदा ठेवावी आणि मधल्या दिवशी एक छोटा फोन करावा. ‘कसे चालले आहे’ असे विचारले की ‘ठीक’ असेच उत्तर येते. ‘आज कोणते काम हाताने केलेस’ असे विचारावे.

खरी जबाबदारी द्या

युवक विकासाच्या कार्यक्रमांचा अभ्यास करणारे रिचर्ड लर्नर तीन गोष्टींवर भर देतात: मोठ्या माणसाशी टिकणारे नाते, जीवनकौशल्ये आणि प्रत्यक्ष नेतृत्वाची संधी. पहिल्या दोन गोष्टी आपण काही प्रमाणात देतो, तिसरीत मात्र हात आखडतो. मुलांना खुर्च्या लावायला सांगतो आणि तिजोरीची किल्ली काकांकडेच राहते.

गणेशोत्सव ही यासाठी इंदुरातील सर्वांत चांगली संधी आहे. अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या कापड मिलच्या झांक्यांची, म्हणजे चित्ररथांची, परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. आपल्या छोट्या मंडळाचीही आरास, वीजजोडणी, वर्गणी आणि मिरवणूक असते. एका वर्षी बारावीत नापास झालेल्या एका मुलीकडे आम्ही संपूर्ण वर्गणीचा हिशेब सोपवला. पावतीपुस्तकांचे क्रमांक, रोख आणि यूपीआयची वेगळी नोंद, दररोज रात्री साडेनऊला जुळवणी, असे सर्व तिने आखले. सातव्या दिवशी ३५० रुपये कमी पडले. एका ज्येष्ठ सदस्यांनी खिशातून भरून टाकण्याची तयारी दाखवली, पण तिने नकार दिला आणि दोन तास बसून एक पावती दोनदा लिहिली गेल्याचे शोधून काढले. पुढे तिने वाणिज्य शाखा घेऊन मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरला, आणि विषय निवडताना कुणाचाही सल्ला घेतला नाही.

जबाबदारी देताना मर्यादा आधी स्पष्ट सांगाव्यात: किती रकमेपर्यंतचा निर्णय तिचा, कोणत्या गोष्टीसाठी विचारावे लागेल, अडचण आली तर कुणाला फोन करायचा. त्यानंतर मध्ये पडू नये.

घसरण झाली तर

होईल असे धरूनच चालावे. मुलगा चौथ्या महिन्यात प्रशिक्षण सोडतो, फोन उचलत नाही, समोरून दिसला तर रस्ता बदलतो. अशा वेळी ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी जाऊन बसावे आणि ‘मी येथे आहे’ एवढाच निरोप पाठवावा. मी एकदा सलग पाच रविवार अशी बसले होते. सहाव्या रविवारी तो आला आणि बराच वेळ फक्त पायांकडे पाहत राहिला. ‘का सोडलेस’ हे त्या दिवशी विचारू नये. वही उघडून पुन्हा कालच्या दिवसापासून सुरुवात करावी. बहुतेक वेळा नवी अडचण सापडते, जी पहिल्या नोंदीत आलेली नसते, आणि त्यानुसार वाट बदलावी लागते. प्रशिक्षण केंद्राकडे मात्र लगेच अर्ज द्यावा. आजारपण किंवा घरगुती कारण लेखी दिलेले असेल तर पुढच्या तुकडीत घेण्याचा विचार होऊ शकतो, न सांगता गैरहजर राहिल्यास तो मार्ग बंद होतो.

बारावा महिना

सोबत कधी संपणार हे मुलाला दहाव्या महिन्यातच सांगावे, म्हणजे अचानक हात सुटल्यासारखे वाटणार नाही. भेटी आधी पंधरवड्याने आणि मग महिन्याने कराव्यात. शेवटच्या भेटीत कागदपत्रांची फाइल त्याच्या हाती द्यावी: सर्व मूळ प्रती, त्यांच्या दोन-दोन छायाप्रती आणि पोर्टलचे पासवर्ड लिहिलेला बंद लिफाफा, जो त्याने घरी जाऊन उघडावा आणि सर्व पासवर्ड बदलावेत. वहीसुद्धा त्याचीच आहे, तीही द्यावी. पहिल्या पानावर त्या पहिल्या ‘काल’ची तासागणिक नोंद असते. तिच्या शेजारी आजच्या दिवसाची नोंद त्याला स्वतःच्या हाताने लिहायला सांगावी, आणि तो लिहीत असेपर्यंत आपण चहा ठेवावा.